हळुवार रायझर वापरताना या चुका टाळा

शॉर्टफिल्म असो की पॉडकास्ट, प्रसंगात ताण आणायचा म्हटलं की साउंड लायब्ररीतला एखादा रायझर, म्हणजे हळूहळू चढत जाणारा आवाज, उचलून कटच्या आधी टाकला जातो. मग ‘आता काहीतरी होणार’ हे प्रेक्षकाला आधीच कळतं आणि प्रसंगातली हवाच निघून जाते. हळुवार रायझर कधी सुरू झाला, हे कुणाच्या लक्षातही येता कामा नये.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे सगळा चढ फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या पट्टीवर, सोडणं. समजा, रात्री दार वाजतं आणि आजी कडी काढायला उठते. आठ सेकंदांचा शॉट आहे. इथे हार्मोनिक्सनी (मूळ सुराबरोबर वाजणाऱ्या वरच्या सुरांनी) भरलेला एखादा सलग सूर घ्या, त्याला लो-पास फिल्टर (ठरावीक मर्यादेवरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) लावा आणि तो ३०० हर्ट्झपासून ३,००० हर्ट्झपर्यंत सावकाश उघडत न्या. फेडर मात्र जेमतेम ५-६ डेसिबलच वर जाऊ द्या. सूर तोच राहतो, त्याला धार चढत जाते. सुरुवात पंख्याच्या किंवा रातकिड्यांच्या आवाजाखाली लपवा.

आता शेवट. कडी निघायच्या दोन फ्रेम आधी रायझर तोडून पाहा. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर ही फक्त ८० मिलिसेकंदांची शांतता, पण तिच्यामुळे कडीचा साधा खटका अंगावर येतो. क्लिप कापूनही आवाज मागे रेंगाळत असेल, तर रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) बहुधा क्लिपऐवजी ट्रॅकवर किंवा बसवर (अनेक ट्रॅक एकत्र येतात तिथे) लावलेला आहे. रायझर रिव्हर्बसकट वेगळ्या फाइलमध्ये रेंडर करा आणि मग कापा.

एडिट करताना चढ छान वाटतो आणि एक्स्पोर्टमध्ये सपाट होतो, ही नेहमीची तक्रार. मास्टरवरचा, म्हणजे अंतिम मिक्सवरचा, लिमिटर (ठरावीक पातळीपुढचा आवाज दाबणारा) शेवटच्या दोन सेकंदांत किती दाबतोय, ते मीटरवर बघा. उपाय एकच: रायझरची सुरुवातच खाली आणा.

पार्श्वसंगीत काळी एकमध्ये असेल आणि रायझर पांढरी दोनवर जाऊन थांबत असेल, तर कानाला ते फक्त बेसूर लागतं. तो अर्ध्या स्वरानं उतरवून घ्या. वर डायलॉग असेल तर १ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा ईक्यूनं (इक्वलायझरनं) थोडा खाली घ्या, नाहीतर शब्द बुडतात.

लांबलेल्या प्रसंगात काही जण शेपर्ड टोन लावतात. मानसशास्त्रज्ञ रॉजर शेपर्ड यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या या रचनेत एकेका सप्तकाच्या अंतरावरचे सूर एकत्र चढतात. वरचा विरत जातो तसा खालून नवा येतो. त्यामुळे चढ कधी संपतच नाही, आणि अडचणही तीच. दार उघडण्यासारखा ठाम क्षण येणार असेल, तर शेपर्ड टोनच्या शेवटी वेगळा छोटा रायझर जोडावा लागतो.

मिक्स फोनच्या स्पीकरवर नक्की ऐका. ६० हर्ट्झची घरघर तिथे पोहोचतच नाही, आणि स्टिरिओ रुंद करणारा इफेक्ट जास्त झाला असेल तर मोनोमध्ये अर्धा रायझर गायब होतो.