‘मला वाटलं तू बघितलंस’ : मैत्रिणीबरोबरच्या पहिल्या बँकॉक फेरीत या चुका टाळा

बँकॉकच्या सियाम स्टेशनवर स्कायट्रेनचे दरवाजे लागले तेव्हा मी आत होते आणि माझी मैत्रीण बाहेर. ती काचेवर टकटक करत होती, मी आतून हातवारे करत होते आणि डब्यातले लोक शांतपणे आपापल्या फोनमध्ये बघत होते. मी पुढच्या स्टेशनवर, चित लोमला उतरून थांबले. ती मात्र मी परत येईन म्हणून सियामलाच थांबली. वीस मिनिटांनी मी परत सियामला गेले, तोवर ती वैतागून चित लोमला निघाली होती. फोन करावा तर सिमकार्ड एकच घेतलेलं, तिच्या फोनमध्ये. मी दिवसभर तिच्या हॉटस्पॉटवर जगत होते. दीड तासाने हॉटेलच्या लॉबीत भेटलो त्या दोघी तोंडं फुगवूनच.

पहिल्यांदा परदेशी जाताना धाकधूक नको म्हणून आपण सोबत शोधतो. पण आमच्या चार दिवसांतल्या निम्म्याहून जास्त चुका आम्ही दोघी होतो म्हणूनच झाल्या. एकटी असते तर मी प्रत्येक गोष्ट तीनदा तपासली असती. दोघी असल्यावर प्रत्येकीला वाटतं, दुसरीने बघितलं असेल.

सियामवरचा उपाय अगदी सोपा आहे आणि तो निघण्याआधीच ठरवायचा असतो. गाडीत चढलेलीने पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं, मागे राहिलेलीने पुढच्या गाडीने तिथे यायचं. बस्स. कुणीही हुशारी करून उलट यायचं नाही. सिमकार्ड किंवा ई-सिम दोघींकडे स्वतंत्र हवं, एकच घेऊन वाचणारे पैसे फार नसतात. हॉटेलचं नाव आणि पत्ता दोघींच्या फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवा. जमलं तर हॉटेलच्या रिसेप्शनवरचं थाई लिपीतलं कार्ड उचला, टॅक्सीवाल्याला इंग्रजी पत्त्यापेक्षा ते लवकर कळतं.

घर सोडण्याआधीच्या चुका

आपण ‘शुक्रवारी रात्री साडेबाराचं विमान’ म्हणतो. तिकिटावर मात्र शनिवारची तारीख आणि 00:30 अशी वेळ असते. मुंबईहून बँकॉकला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीच्या आगेमागे सुटतात, त्यामुळे ही गफलत हमखास होते. ‘शनिवारी रात्री निघायचंय’ असं मनात बसलं की विमान गेल्यावरच डोळे उघडतात. तिकीट हातात आल्याबरोबर ‘शुक्रवारी संध्याकाळी घरातून बाहेर’ असं स्वच्छ मराठीत कॅलेंडरमध्ये लिहा. पुण्याहून निघत असाल तर खंडाळ्याच्या घाटातल्या ट्रॅफिकचे दोन तास जास्तीचे धरा. शुक्रवार संध्याकाळ म्हणजे अख्खं पुणे लोणावळ्याला निघालेलं असतं.

ही विमानं चारेक तासांत पोचतात आणि थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणजे तुम्ही उतरता भल्या पहाटे किंवा सकाळी. हॉटेलची खोली मिळते दुपारी दोनला. बॅगा रिसेप्शनवर ठेवून बाहेर पडता येतं, हे ठाऊक नसल्यामुळे आम्ही तीन तास सोफ्यावर पेंगत बसलो.

नावाचा घोळ खास आपला. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात आपल्याकडे बहुतेकांचं स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. तिकीट काढणारी मैत्रीण तुमचं रोजचं नाव आणि आडनाव टाकून मोकळी होते. त्यात लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर बघायलाच नको. तिकिटावर पासपोर्टप्रमाणेच नाव हवं, अक्षर न् अक्षर. चूक त्याच दिवशी लक्षात आली तर विमान कंपनीला लगेच फोन करा, तेव्हा दुरुस्ती सोपी असते. काउंटरवर उभं राहून ती होईलच असं नाही. पासपोर्टची मुदतही आत्ताच बघा, किमान सहा महिने शिल्लक हवी.

थायलंडला जाणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला 1 मे 2025 पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, ऑनलाइन. ते फुकट असतं. शोधलं की पैसे मागणाऱ्या वेबसाइट आधी दिसतात, तिथे फसू नका. थायलंडच्या सरकारी वेबसाइटचा पत्ता ‘गो डॉट टीएच’ने संपतो, तेवढं बघा. आमच्यातल्या एकीने भरलं आणि दुसरीला वाटलं की दोघींचं झालं. मुंबई विमानतळाच्या रांगेत, ट्रॉलीवर फोन टेकवून भरलेला तो फॉर्म मी विसरणार नाही. व्हिसाचं तर दुसऱ्या कुणाचं ऐकूच नका. नोव्हेंबर 2023 मध्ये भारतीयांना 30 दिवस व्हिसामाफी मिळाली, जुलै 2024 मध्ये ती 60 दिवसांची झाली. नियम इतके हलते आहेत की चुलतभावाचा गेल्या वर्षीचा अनुभव कामाचा नाही. तिकीट काढण्याआधी आणि निघण्याच्या आठवड्यात, असं दोनदा थाई दूतावासाच्या साइटवर बघा.

बॅग भरताना दोन गोष्टी सांभाळा. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाही. आणि आईने प्रेमाने दिलेलं सुकं खोबरं काढून ठेवा. तेलामुळे ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानवाल्यांच्या यादीत धोकादायक मालात मोडतं. चटणीतलं चालतं की नाही यावर आमच्या घरात अजून वाद आहे.

पैशांची गाठ

भारतातली कार्डं 2020 पासून मुळातच फक्त देशातल्या वापरासाठी चालू करून मिळतात. परदेशातला वापर बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आपणच सुरू करायचा. निघण्याआधी करा, कारण तिथे गेल्यावर ओटीपी येणार तो भारतातल्या नंबरवर, आणि त्या सिमला रोमिंग नसेल तर कार्ड असून नसल्यासारखं.

एटीएमवर प्रत्येक वेळी पैसे काढताना तिथली बँक 220 बाट किंवा जास्त शुल्क लावते. बाट म्हणजे साधारण अडीच-तीन रुपये धरा. म्हणजे दोनदा थोडे थोडे काढले की हजारेक रुपये शुल्कातच गेले. काढायचे तर एकदाच. मशीन किंवा दुकानदार ‘रुपयांत की बाटमध्ये?’ असं विचारतो, तेव्हा आपलं चलन बघून बरं वाटतं आणि आपण रुपये दाबतो. तिथेच दरात आपण मार खातो. बाटच निवडा. रोख बदलायची तर सुवर्णभूमी विमानतळावर सामान घेतल्याबरोबर समोर दिसणाऱ्या काउंटरवर थांबू नका. तळमजल्याच्याही खाली, रेल्वेच्या फलाटाजवळच्या काउंटरांवर दर बहुतेकदा बरा असतो.

मैत्रिणींमध्ये टीटीएमएम (तुझं तू, माझं मी) ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात पाच बाटच्या होडीच्या तिकिटासाठी दोघी पाकिटं चाचपत उभ्या. आम्ही दुसऱ्या दिवशी झिपवाल्या पाउचमध्ये दोघींचे सारखे पैसे टाकले. प्रवास, खाणं, तिकिटं त्यातून, खरेदी ज्याची त्याची. पाउच संपलं की पुन्हा सारखी भर. सगळी रोकड मात्र त्यात ठेवू नका, नाहीतर सियाम आहेच.

हॉटेल ‘स्टेशनजवळ’ असतं तेव्हा

सुखुमवित या लांबलचक रस्त्याला दोन्ही बाजूंनी गल्ल्या फुटतात, त्यांना सोइ म्हणतात. एका बाजूला विषम आकडे, दुसऱ्या बाजूला सम, आणि दोन्ही बाजू एकमेकींच्या तालात चालत नाहीत. सोइ 55 च्या समोर सोइ 38 येते. त्यामुळे ‘आपली 40, समोर 55 दिसतेय, म्हणजे आपण बरंच पुढे आलो’ हा हिशेब चुकतो. शिवाय गल्ली स्टेशनजवळ असली तरी हॉटेल तिच्या पार टोकाला असू शकतं, आणि दमट उन्हात ती दहा मिनिटं आपल्याकडच्या अर्ध्या तासासारखी वाटतात. बुकिंगच्या आधी नकाशावर चालायचं अंतर मोजा. स्वस्त हॉटेलांच्या खाओ सान रोडचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण तिथे ना स्कायट्रेन ना मेट्रो.

स्कायट्रेन आणि मेट्रो या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत हेही आधी कळत नाही. एकीचं तिकीट दुसरीला चालत नाही. टॅक्सी करायची तर ‘मीटर?’ एवढं विचारून बसा, नाही म्हणाला तर पुढची बघा. गर्दीच्या वेळी तर रस्त्याने जाऊच नका.

‘आज पॅलेस बंद आहे’

ग्रँड पॅलेसच्या पांढऱ्या भिंतीलगत आम्ही दार शोधत चाललो होतो. इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ थांबले, कुठून आलात विचारलं, ‘इंडिया’ ऐकून खुश झाले. मग हळहळत म्हणाले, आज पूजा आहे, दुपारपर्यंत बंद. तोवर टुकटुकने (तिथली रिक्षा) दुसरी देवळं बघून या, वीस बाट फक्त. टुकटुक शेजारीच उभी होती, हा योगायोग तेव्हा जाणवला नाही. मैत्रीण चढलीसुद्धा. पुढे काय होतं ते बँकॉकला जाऊन आलेले सांगतात : एक देऊळ, मग रत्नांचं दुकान, मग शिंप्याचं, आणि प्रत्येक ठिकाणी अर्धा तास गळ. मी तिचा दंड धरून खाली ओढलं आणि आम्ही कोपऱ्यावरून वळलो. दार सताड उघडं होतं आणि त्यातून लोंढे आत जात होते.

बंद आहे की नाही हे फक्त तिकीटखिडकीवर विचारायचं. राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो आणि तिकीटविक्री दुपारी साडेतीनला थांबते. तिकीट 500 बाट. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, फाटक्या जीन्सही चालत नाहीत. माझी थ्री-फोर्थ दारातच अडली आणि समोरच्या टपरीवरून हत्तींच्या चित्रांची ढगळ पँट घ्यावी लागली. ती आता मी घरी रोज घालते, त्यामुळे ही चूक मी फार मनावर घेतलेली नाही.

आत जाऊन घाई करणं ही मात्र खरी चूक. लोक पाचूच्या बुद्धाचं दर्शन घेतात (मूर्ती खरं तर जेडची, जेमतेम 66 सेंटिमीटर उंच) आणि बाहेर पडतात. देवळाभोवतीच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर 178 चित्रांत रामकथा रंगवलेली आहे, थाई रामाकियन. पांढराशुभ्र मारुती आपल्याला लांबूनच ओळखू येतो, फक्त इथला मारुती ब्रह्मचारी नाही. तिथे आमचा तासभर गेला आणि ‘वाट फो’ या दुसऱ्या देवळात पोचेपर्यंत ऊन कडक झालं. 46 मीटर लांब निजलेला बुद्ध बघायला आम्ही पाय ओढत गेलो. दोन्ही एकाच दिवशी करायचं तर साडेआठच्या ठोक्याला दारात हजर राहा.

चार दिवसांत पट्टाया, फुकेत आणि क्राबी कोंबू नका, हे वेगळं सांगायला नको. तरंगता बाजार शहरातच आहे असंही समजू नका, प्रसिद्ध दामनोएन सादुआक शंभरेक किलोमीटरवर आहे. चातुचाकचा मोठा बाजार मुख्यतः शनिवार-रविवारचा. मंगळवार ते शुक्रवार गेलात तर तो हुकला.

शाकाहारी मैत्रिणीचं काय

मी मासे खाते, ती शाकाहारी. ‘नो चिकन, नो फिश’ सांगून तिने भाज्यांचा पाद थाई मागवला आणि दुसऱ्या घासाला तिचा चेहरा पडला. थाई स्वयंपाकात नाम प्ला, म्हणजे माशाचं खारं पाणी, आपल्याकडच्या मिठासारखं पडतं. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत वर सुकटही. मासा दिसत नाही म्हणजे तो नाही, असं नसतं.

‘व्हेज’ या शब्दापेक्षा ‘किन चे’ कामाला येतं. ‘चे’ म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध यांतलं काही नाही, वर कांदा-लसूणही नाही, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्या आजीलासुद्धा चालेल. अशा दुकानांवर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असतात, ती दिसायला 17 च्या आकड्यासारखी. ही खूण कळल्यावर तिचे पुढचे तीन दिवस सुखाचे गेले. त्याआधीच्या संध्याकाळी आम्ही पाहुरात या भारतीय वस्तीत जाऊन छोले खाल्ले होते. मेट्रोच्या साम योत स्टेशनवरून ते चालत जाण्याइतकं जवळ आहे.

खरोखरच बिघडलं तर

पर्यटक पोलिसांचा नंबर 1155, तिथे इंग्रजी चालतं. पासपोर्ट हरवला तर आधी पोलीस तक्रार, मग तिची प्रत घेऊन भारतीय दूतावास. तो सुखुमवितच्या सोइ 23 मध्ये, असोक स्टेशनजवळ आहे. परतीपुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, पण त्यात दिवस जातात, आणि थाई इमिग्रेशनचं कामही उरतं. पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाचा आणि आगमनाच्या शिक्क्याचा फोटो एकमेकींना पाठवून ठेवलेला असेल तर सगळं बरंच हलकं होतं. तुमचा तिच्या फोनमध्ये, तिचा तुमच्या.

परतीच्या रात्री सुवर्णभूमीवर सगळं सुरळीत चाललं होतं. सिक्युरिटीच्या पट्ट्यावर माझी पाठपिशवी बाजूला काढली गेली. आतून निघाली भाजलेल्या मिरच्यांच्या थाई चटणीची बरणी, शंभर मिलीच्या मर्यादेच्या चौपट. मी मैत्रिणीकडे बघितलं.

“अगं, मला वाटलं तू ती मोठ्या बॅगेत टाकलीस.”