टायफूनच्या आधी: खाणं नंतर, संडासाच्या पिशव्या आधी

टायफूनची बातमी आली की टोकियोच्या निशी-कासाईतली आपली मंडळी ब्रेड आणि मॅगीसाठी धावतात. गेल्या वेळी मीही तेच केलं. खाणं भरपूर, संडासाची सोय शून्य.

पाणी माणशी रोज 3 लिटर. टॉर्च, पॉवर बँक, रेसिडेन्स कार्ड ठाऊकच आहे. पोर्टेबल शेगडीचा गॅसचा एक डबा मोठ्या आचेवर तासाभरात संपतो, त्या हिशेबाने आणा.

आता पिशव्या. माणशी दिवसाला 5, आठवड्याला 35, चौघांना 140. जास्त वाटतात? आपल्या एदोगावा वॉर्डाची सुमारे 70 टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे आणि वॉर्डाच्याच पूरनकाशात पाणी 1-2 आठवडे किंवा जास्तही राहू शकतं असं लिहिलंय. ‘आम्ही दहाव्या मजल्यावर’ हे तर सांगूच नका. ऑक्टोबर 2019 मध्ये हागिबिस टायफून आला तेव्हा कावासाकीत, मुसाशी-कोसुगीच्या 47 मजली टॉवरच्या तळघरातल्या वीजखोलीत पाणी शिरलं. लिफ्ट बंद, पाण्याचे पंप बंद, संडास बंद.

कमोडची सीट उचलून 45 लिटरची पिशवी लावायची, ती तशीच राहते. सीट खाली करून वर दुसरी. दर वेळी फक्त वरची बदलायची. खालची नसेल तर कमोडच्या पाण्याने भिजलेली पिशवी डब्यापर्यंत ठिबकत जाते. पाणी शोषणारी पावडर, घट्ट गाठ, झाकणाचा डबा. पावडरीशिवाय नुसत्या पिशव्या आणू नका, वास दुसऱ्याच दिवशी कळेल.

टबात भरलेलं पाणी कमोडमध्ये ओतू नका. ड्रेनेज तुंबलं असेल तर ते खालच्यांच्या बाथरूममधून वर येतं. तळमजल्यावर असाल तर घाण पाणी वर येऊ नये म्हणून दोन पिशव्या एकात एक घालून अर्ध्या पाण्याने भरा, एक जोड कमोडमध्ये, एक बाथरूमच्या जाळीवर.

बाल्कनीतली कपड्यांची दांडी खाली आडवी, कुंड्या आत. पाणी जायच्या जाळीतला पाला काढा, नाहीतर बाल्कनी भरून पाणी सरकत्या दाराच्या खाचेतून घरात. खिडकीवर टेपची फुली मारून काच मजबूत होत नाही. पडदे ओढा, लांब झोपा.

ट्रेन कधी बंद होणार ते बहुधा आदल्या दिवशी कळतं. सरकारी इशाऱ्याच्या लेव्हल 4 ला धोक्याच्या भागातल्या सगळ्यांनी घरातून निघायचं. भारतातून आई-बाबा आलेले असतील तर 3 लाच, त्यांच्या गोळ्यांसकट. मेन स्विच पाडा, गॅस बंद. गमबूट नकोत, आत पाणी भरलं की पाय उचलत नाही.

आणि सॅकमध्येही दहा पिशव्या. पावडरीसकट.