बेपत्ता मूल आणि घरातील गुपित: थरारकथा लिहिताना या चुका टाळा

मूल बेपत्ता होते आणि शोध घेता घेता घरातील जुने गुपित उघडे पडते, या बेतावर लिहिलेल्या मानसशास्त्रीय थरारकथा बहुधा मध्यावर येऊन ढेपाळतात. मूल का सापडत नाही याचे उत्तर लेखकाने घराबाहेर ठेवलेले असते आणि गुपित मात्र घरात असते, त्यामुळे दोन्ही धागे शेवटपर्यंत समांतर धावत राहतात. घरच्यांनी दडवलेल्या गोष्टींमुळेच शोध भरकटला पाहिजे. पुढील बहुतेक चुका हे सूत्र सुटल्यामुळे होतात.

पहिली चूक पहिल्याच प्रकरणात आढळते. आई पोलीस ठाण्यात येते, ठाणे अंमलदार ‘चोवीस तास वाट पाहा’ असे सांगतो आणि लेखकाला एका रात्रीचा ताण फुकटात मिळतो. असा कोणताही नियम नाही. ‘बचपन बचाओ आंदोलन’ या बालहक्क संस्थेच्या याचिकेवर मे 2013 मध्ये दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बेपत्ता बालकाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवणे बंधनकारक केले आणि अपहरण किंवा मानवी तस्करी झाल्याचे गृहीत धरून तपास सुरू करण्यास सांगितले. कथानक 1 जुलै 2024 पूर्वीचे असेल तर भारतीय दंड संहितेचे कलम 363 आणि त्यानंतरचे असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम 137 लागेल. एखादा अंमलदार तरीही टाळाटाळ करील, पण मग ती त्याची कसूर म्हणून दाखवावी लागते आणि तिचे परिणामही पुढे यावे लागतात. उशीर हवाच असेल तर तो घरच्यांकडून घ्यावा. काका म्हणतो, ‘आधी आजोळी फोन करून बघू’. आजीला गावात बोभाटा नको असतो. आणि आदल्या रात्रीच्या भांडणाबद्दल विचारतील म्हणून बाप ठाण्याची पायरी चढायला कचरतो. असे वाया गेलेले तीन तास कुटुंबाच्या माथी कायमचे बसतात आणि पुढील साऱ्या अपराधगंडाला खरा आधार मिळतो.

मधला भाग रेंगाळत असेल तर आणखी एक संशयित आणू नये, जबाब तपासावेत. अशा हस्तलिखितांत एकच पात्र खोटे बोलते आणि बाकीचे निरागसपणे रडतात. वास्तविक प्रत्येक जण आपापली क्षुल्लक गोष्ट झाकत असतो: कोणी कर्ज, कोणी भेट, कोणी मुलाला मारलेली थप्पड. यांतील एकाही गोष्टीचा गुन्ह्याशी संबंध नसला, तरी त्या सर्वांमुळे मूल शेवटचे केव्हा दिसले ती वेळ चुकते आणि पोलीस भलत्याच रस्त्यावरील सीसीटीव्ही चित्रण पाहत बसतात. प्रत्येक पात्राने काय केले, जबाबात काय सांगितले आणि ते कोणाला वाचवत आहे, असा तीन रकान्यांचा तक्ता लिहिण्यापूर्वीच करावा. तिसरा रकाना रिकामा राहिला तर त्या पात्राचे खोटे केवळ वाचकाला चकवण्यासाठी रचले आहे, असे समजावे.

गुपिताच्या निवडीत सर्वाधिक झीज झालेली युक्ती म्हणजे रक्तगट. आईवडील दोघेही ‘ओ’, मूल ‘ए’, म्हणून बाप दुसराच, हा निष्कर्ष बहुतेक वेळा बरोबर ठरतो. पण 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतच वर्णन केलेला ‘बॉम्बे’ रक्तगट तो खोटा ठरवू शकतो. या गटाच्या व्यक्तीत एच प्रतिजन, म्हणजे तांबड्या पेशींवरील ज्या घटकापासून ‘ए’ आणि ‘बी’ घडतात तो, नसते, त्यामुळे तिच्याकडे ‘ए’चे जनुक असूनही नेहमीच्या चाचणीत ती ‘ओ’ दिसते आणि ते जनुक मुलाकडे जाऊ शकते. जाणकार वाचक अशा ठिकाणी पुस्तक मिटतो. मात्र अपवाद ठाऊक असलेल्या लेखकाला त्यातूनच चांगले वळण सापडेल: वर्षानुवर्षे बायकोवर संशय घेणारा नवरा शेवटी चूक ठरणे हे कोणत्याही अनैतिक संबंधापेक्षा अधिक भीषण आहे.

आपल्याकडे गुपिते बरेचदा सातबाऱ्यावर असतात, याचा मात्र लेखकांना विसर पडतो. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, वारसाच्या नोंदीतील ‘अ. पा. क.’ (अज्ञान पालनकर्ता) ही अक्षरे, कोणी कधी न उघडलेला जुना फेरफार, पहिल्या बायकोच्या मुलाचे वगळलेले नाव, यांतून हेतूही मिळतो आणि भाऊबंदकीही. अज्ञानाच्या स्वतंत्र मालकीची जमीन नैसर्गिक पालकालाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. शिवाय सात वर्षे जिची काहीच खबर नाही अशी व्यक्ती मृत मानण्याची तरतूद पुरावा कायद्यात आहे. कथेने आठ वर्षांची उडी घेतली, तर ‘मूल मृत मानावे’ अशी मागणी घेऊन न्यायालयात सर्वांत आधी कोण जाते, हा प्रश्न कोणत्याही निनावी चिठ्ठीपेक्षा जास्त काम करतो.

मानसशास्त्राच्या नावाखाली चालणारा ढिसाळपणा वेगळाच. स्किझोफ्रेनिया म्हणजे दुभंगलेले व्यक्तिमत्त्व, ही समजूत आता तरी सोडावी. धक्क्याने स्मृती जाणे आणि शेवटच्या प्रकरणात ती अखंड परत येणे हेही तसेच. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांच्या 1995 च्या प्रयोगात 24 जणांना, लहानपणी आपण बाजारसंकुलात हरवलो होतो अशी न घडलेली हकीकत नातलगाच्या हवाल्याने सांगितली गेली आणि सुमारे चतुर्थांश जणांना ती पूर्णपणे किंवा अंशतः ‘आठवली’. या विषयाला याहून जवळचे संशोधन मिळणे कठीण. प्रामाणिक साक्षीदाराच्या मनात घरच्यांच्या बोलण्यातून आठवण कशी रुजते, हे दाखवले तर अविश्वसनीय निवेदक, म्हणजे ज्याच्या सांगण्यावर वाचकाला भरवसा ठेवता येत नाही असा कथा सांगणारा, आपोआप तयार होतो.

नार्को चाचणीने कोडे सोडवू नये. सेल्वी खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या निकालापासून ती संमतीशिवाय करता येत नाही. पोलिसांसमोरील कबुलीजबाबही न्यायालयात पुरावा ठरत नाही, त्यामुळे तो कथेचा कळस होऊ शकत नाही.

मूल सापडताच आईच्या कुशीत देऊन पडदा पाडणे ही शेवटची चूक. संरक्षणाची गरज असलेल्या सापडलेल्या बालकाला प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते, आणि संशय घरातल्याच माणसावर असेल तर समिती मुलाला परत घरी पाठवेलच असे नाही. समितीसमोर आई बाकावर बसलेली आहे आणि ‘तुला कुठे जायचे आहे?’ असे मुलाला विचारले जात आहे, हा प्रसंग वगळणाऱ्या लेखकाने निदान दोन पाने तरी त्यासाठी राखून ठेवावीत.