पेजमधील एक दिवस : आधी घड्याळ जुळवा

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील पेज या वाळवंटी गावासाठी एकच दिवस हाताशी असेल, तर सारी आखणी अँटिलोप कॅन्यनच्या वेळेभोवती करावी, कारण ही घळ नावाहो आदिवासींच्या भूमीत असून तेथे वाटाड्याशिवाय प्रवेश मिळत नाही. घळीचे वरची आणि खालची असे दोन भाग आहेत. वरच्या घळीत उन्हाचे झोत तळाशी उतरतात ते साधारण मार्चअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, तेही माध्यान्हीच्या आसपास. त्या वेळेचे आरक्षण बरेच आधी करावे. उन्हाळ्यात नावाहो प्रदेशातील घड्याळे एक तास पुढे असतात, उर्वरित ॲरिझोनातील नसतात, आणि मोबाइल कधी ही तर कधी ती वेळ दाखवतो. म्हणून सहलीची वेळ कोणत्या घड्याळाची, हे आधीच विचारून घ्यावे.

हॉर्सशू बेंड या कोलोरॅडो नदीच्या नालाकृती वळणाकडे नेणारी, जाऊन-येऊन सुमारे अडीच किलोमीटरची, जवळजवळ बिनसावलीची पायवाट सकाळीच उरकावी. ग्लेन कॅन्यन धरण दुपारनंतर पाहिले तरी चालते.

ऑगस्ट १९९७ मध्ये दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा खालच्या घळीत शिरून ११ पर्यटक दगावले होते. म्हणून वाटाड्याने सहल रद्द केली, तर स्वच्छ आकाशाकडे बोट दाखवून त्याच्याशी हुज्जत घालू नये.