इलेक्ट्रॉन आधी हाताने मोजा: थरांच्या ऑक्साइडांत उतरणाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बी.एस्सी.ची मुलं विचारतात, “भाऊ, कंडेन्स्ड मॅटरची (घन पदार्थांच्या भौतिकशास्त्राची) सुरुवात कुठून करू?” मी एकच पदार्थ सांगतो, लॅन्थॅनम कॉपर ऑक्साइड.

कागद-पेन घ्या. दोन लॅन्थॅनम, एक तांबं, चार ऑक्सिजन. लॅन्थॅनम +३, ऑक्सिजन −२. म्हणजे तांबं +२, आणि त्याच्या 3d कक्षांत ९ इलेक्ट्रॉन. दहाव्याची जागा रिकामी, म्हणून सगळ्यात वरचा बँड, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा पट्टा, अर्धाच भरलेला. पुस्तकातल्या बँड थिअरीनुसार हा धातू व्हायला हवा. प्रत्यक्षात वीज वाहत नाही! तांब्या-ऑक्सिजनच्या सपाट थरात एका तांब्यावरून शेजारच्यावर उडी मारायची तर तिथल्या इलेक्ट्रॉनचं प्रतिकर्षण आडवं येतं, आणि सगळे जागच्या जागी अडकतात. हाच मॉट इन्सुलेटर. याच पदार्थात थोडं बेरियम मिसळल्यावर बेडनॉर्झ आणि म्युलर यांना १९८६ मध्ये ३० केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता, म्हणजे शून्य रोधाने वाहणारी वीज, दिसली. १९८७ चं नोबेल त्यावरच मिळालं.

क्वांटम एस्प्रेसो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, म्हणून बरीच मुलं थेट डीएफटीला (डेन्सिटी फंक्शनल थिअरी, संगणकावर इलेक्ट्रॉनांचा हिशेब करायची पद्धत) हात घालतात. माझं मत स्पष्ट आहे: आधी वरचा हिशेब. साधं डीएफटी या पदार्थाला बिनदिक्कत ‘धातू’ म्हणतं. हिशेब पक्का असेल तरच ते उत्तर खटकेल.

नमुना लॅन्थॅनम ऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइड मिसळून बनवतात, आणि खरी परीक्षा वजनाच्या काट्यावर होते. लॅन्थॅनम ऑक्साइड हवेतला ओलावा ओढतं, पावसाळ्यात तर फारच. बाटलीतून काढून तसंच मोजलं, तर त्यात पाण्याचंही वजन येतं, लॅन्थॅनम कमी पडतं आणि एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्याच्या चाचणीत) उरलेल्या कॉपर ऑक्साइडची शिखरं डोकं वर काढतात. आदल्या रात्री ते ९०० अंश सेल्सिअसला तापवा, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा, काढल्याबरोबर मोजा. मग खलात घोटणं; मी प्रकल्पात घोटायला बसलो की दुपार सरायची, पण त्याला पर्याय नाही.

अतिसंवाहकता डोळ्यांनी बघायची असेल तर यिट्रियम बेरियम कॉपर ऑक्साइडची टिकली घ्या. ती ९२ केल्विनला अतिसंवाहक होते. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात, तो ७७ केल्विनचा, तेवढा पुरतो. वर ठेवलेलं छोटं चुंबक तरंगतं.

पुढच्या वाटेसाठी जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा द्या. जळगावच्या आपल्या विद्यापीठातूनही एम.एस्सी. करता येते. अतिशीत मोजमापांसाठी इंदूरचं यूजीसी-डीएई केंद्र आहे, धुळ्याहून सरळ आग्रा रोडने. इंदूरच्याच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातली इंडस-२ सिंक्रोट्रॉनही (प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र) याच कामाची. मार्गदर्शकांमार्फत अर्ज करा, आणि सोबत स्वच्छ एक्सआरडी जोडा.