साखरेच्या इन्व्हर्जनचा वेग मोजताना या चुका टाळा

निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या पोरांना रासायनिक गतिकी शिकवायची तर साखरेच्या इन्व्हर्जनइतकी (म्हणजे सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होण्याइतकी) जवळची अभिक्रिया नाही, असं माझं ठाम मत आहे. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की साखरेचा उतारा घटतो, हे त्यांना घरीच कळलेलं असतं. तिथे विकरं आणि जिवाणू जे करतात, ते प्रयोगशाळेत आपण आम्लाकडून करून घेतो. सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होताना पोलॅरिमीटरचं (द्रावण ध्रुवित प्रकाशाला किती वळवतं ते मोजणाऱ्या उपकरणाचं) रीडिंग धनाकडून ऋणाकडे सरकतं. याच अभिक्रियेवर विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० साली वेगाचं गणित मांडलं.

सगळ्यात महागात पडते ती तापमानाची चूक. या अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा, म्हणजे ती घडायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा, मोलला सुमारे १०८ किलोज्यूल. म्हणजे २५ अंशांच्या आसपास बाथ (ठरावीक तापमानाचं पाण्याचं भांडं) एका अंशाने चुकला, तर वेग स्थिरांक सुमारे १५ टक्क्यांनी चुकतो. ‘दहा अंशांनी वेग दुप्पट’ हा पाठ केलेला नियम इथे लागू पडत नाही. २५ वरून ३५ वर गेलं की वेग चौपट होतो. तरीही फ्लास्क ३५ अंशांच्या बाथमध्ये आणि पोलॅरिमीटरची नळी उघड्या टेबलावर, हे दृश्य सर्रास दिसतं. नळीतली अभिक्रिया मग खोलीच्या तापमानाला चालते, आणि आपल्याकडे जानेवारीची सकाळ आणि एप्रिलची दुपार यांत केवढा फरक! नळीभोवती बाथचं पाणी फिरवा. साखर आणि आम्ल मिसळण्याआधी वेगवेगळे त्याच तापमानाला आणा. वीज गेली तर ती वेळ वहीत लिहा.

थर्मामीटर उकळत्या पाण्यात तपासत असाल तर एक लक्षात ठेवा. बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे, पाणी इथे साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. १०० धरलंत की अडीच अंशांची चूक तिथेच शिरली.

शेवटचं, म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाल्यावरचं ‘अनंत काळाचं’ रीडिंग घाईत घेतलं की वेग स्थिरांक काढायच्या सरळ रेषेच्या आलेखाचं शेपूट वाकतं. वाकलेले बिंदू खोडून रेघ सरळ करणं मला अजिबात मान्य नाही. थोडं मिश्रण साठ-पासष्ट अंशांवर अर्धा तास ठेवा, मग प्रयोगाच्या तापमानाला परत आणूनच वाचा, कारण फ्रुक्टोजचं ध्रुवण तापमानाप्रमाणे बरंच बदलतं. जास्त तापवलंत तर द्रावण तपकिरी होऊन रीडिंगच धूसर होतं. ते जमत नसेल तर गुगेनहाइमची १९२६ ची पद्धत वापरा: तिला शेवटचं रीडिंग लागत नाही, फक्त वेळांतलं अंतर ठरावीक हवं.

स्थिरांकासोबत आम्लाची तीव्रता लिहायलाच हवी, नाहीतर त्या आकड्याला अर्थ नाही. गुऱ्हाळात रसात चुना घालतात त्यामागे हेही एक कारण आहे: आम्लता उतरली की इन्व्हर्जन मंदावतं. आरेनियसच्या आलेखात (वेग स्थिरांक तापमानाप्रमाणे कसा बदलतो ते दाखवून सक्रियण ऊर्जा देणाऱ्या) केल्विनऐवजी सेल्सिअस घालणं हा तर निव्वळ निष्काळजीपणा.

आता ऊष्मागतिकी. इन्व्हर्जन जवळपास पूर्ण होतं, म्हणून तिथलं एकेरी, फक्त पुढे जाणाऱ्या अभिक्रियेचं समीकरण मुलं एस्टरीकरणालाही (आम्ल आणि अल्कोहोलपासून एस्टर आणि पाणी होण्यालाही) लावतात. मळीपासून काढलेलं इथेनॉल आणि ॲसिटिक आम्ल समान मोलमध्ये घेतलं, तर समतोल स्थिरांक (समतोलावर उत्पादितं आणि अभिकारकांच्या प्रमाणाचा आकडा) सुमारे ४, म्हणजे रूपांतरण दोन-तृतीयांशावर थांबतं. तिथे अडकल्यावर आणखी उत्प्रेरक ओतून काही होत नाही. तयार होणारं पाणी काढत राहा किंवा इथेनॉल जास्त घ्या, आणि वेगाच्या समीकरणात उलट अभिक्रियेचं पद पहिल्यापासून ठेवा.