जॅझ गायचंय? आधी 'की' सांगायला शिका

जॅझ गायचं तर सुरुवात कुठून करू, असं विचारणाऱ्या मुली बहुतेक शास्त्रीयच्या दोन-चार परीक्षा देऊन आलेल्या असतात. गळा तयार असतो. मी विचारते, "गाणं कुठल्या कीमध्ये?" म्हणजे कुठल्या पट्टीत. उत्तर ठरलेलं: "माझा सा काळी चार."

काळी चार म्हणजे बँडच्या भाषेत ए फ्लॅट, तिथवर ठीक. पण इथे की गळ्याची नसते, गाण्याची असते. एखादी चाल साच्या खाली उतरतच नाही आणि तार गंधारापर्यंत चढते. दुसरी मंद्र पंचमावर सुरू होते आणि मध्य पंचमाच्या वर फारशी जात नाही. दोन्ही काळी चारमध्ये गायलात तर दुसरीतले खालचे सूर ड्रम्समध्ये बुडतात. जॅझ गाण्यांच्या छापील वह्यांतल्या की बहुधा वाजवणाऱ्यांच्या सोयीच्या. बायकांना त्या बऱ्याचदा चार-पाच स्वर खाली आणाव्या लागतात. तेव्हा गाण्याचा सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सूर शोधा, की ठरवा आणि त्याच कीमधला चार्ट, म्हणजे वादकांसाठी लिहिलेलं गाणं, सोबत ठेवा. स्टेजवर बोलायला फुरसत नसते. बँडला तीन बोटं खाली दाखवली की तीन फ्लॅट, म्हणजे ज्या कीमध्ये तीन सूर अर्ध्या स्वराने उतरवलेले असतात ती, ई फ्लॅट. बोटं वर केली तर शार्प, म्हणजे अर्ध्या स्वराने चढवलेले.

माझा कान वसईत चर्चच्या क्वायरमध्ये तयार झाला. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत, गीतं मराठीत, पण चार आवाजांची. मला आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, दिलं होतं; चाल दुसरीच्या वाट्याला. तेव्हा राग यायचा; आता वाटतं, तालमीत याहून मोठं काही मिळालं नसतं. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांतले मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना सोल्फेज (आपल्या सरगमसारखं स्वरवाचन) आणि व्हायोलिन शिकवत. मुंबईच्या हॉटेलांना आणि सिनेमाला वादक मिळाले ते त्यातूनच. हळदोण्याचे चिक चॉकलेट रात्री ट्रंपेट वाजवत आणि सी. रामचंद्रांचे सहायकही होते. आणि जॅझ इंग्रजीतच हवं असंही नाही, ख्रिस पेरींच्या बँडबरोबर गोव्याच्या गायिका लोर्ना कोंकणीत गायल्याच की.

बहुतेक जुनी गाणी 32 बारची (एक बार म्हणजे बहुधा चार मात्रा): आठ-आठचे चार तुकडे, तिसरा वेगळा. सॅक्सवाला सोलो घेतो तेव्हा चाल कानावर येत नाही, पण 32 बारांचं आवर्तन चालूच असतं. ते मनात मोजत राहा. समेवर टाळी द्यायची सवय मात्र मोडावी लागते. इथे टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. लीडरने डोक्याला हात लावला की मूळ चालीवर परत यायचं. गाणं सुरू करताना बँडला लय द्यायची ती तुम्हीच. सर्वांत दाट शब्दांची ओळ मनात म्हणून बघा आणि मग चुटकी वाजवा, नाहीतर अंतऱ्यात जिभेची त्रेधा उडते.

पैशाचं बोलायला लाजू नका. हॉटेलात साधारण पाऊण-पाऊण तासाचे दोन-तीन सेट असतात, समोर लोक जेवत असतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. डिसेंबर भरगच्च, पावसाळा कोरडा. लग्नं आणि कंपन्यांचे कार्यक्रम यांवर वर्षाचा खर्च निघतो. निम्मे पैसे आगाऊ घ्या. एका हॉटेलाने माझे पैसे कित्येक महिने अडकवले होते. गाडीचं भाडं वेगळं मागा, कारण तिसरा सेट संपून सामान आवरेपर्यंत शेवटची विरार लोकल बहुधा गेलेली असते.